मयताच्या नावाची नोटीस

बँकांची थकलेली कर्जं वसूल करून देणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. सोमवार ते शनिवार लोकांच्या दारांवर नोटिसा लावायच्या आणि रविवारी सकाळी घाटकोपरला, गणपती मंडळाच्या खोलीत बसून लोकांना फुकट कायदा सांगायचा. "सहा दिवस पाप, सातव्या दिवशी गंगास्नान," असं नवरा चिडवायचा. मी हसायचे. आता रविवारी मी घरीच असते.

त्या खोलीत माझा एकच धोशा असायचा: दारावरची नोटीस फाडू नका. शेजाऱ्यांनी वाचायच्या आत लोक ती खरवडून काढतात आणि कागद गेला म्हणजे बला टळली असं समजतात. चिकटवल्याचा फोटो आमच्याकडे असतो. दाद मागायची मुदत त्या दिवसापासून धावायला लागते.

एका रविवारी मुलुंडहून पोळ्या लाटून घर चालवणारी एक बाई आली. तिने नोटीस ओल्या फडक्याने भिजवून अख्खी सोडवून आणली होती.

"मॅडम फाडू नका म्हणतात, असं कळलं. म्हणून नीट काढली."

मी कागद उलगडला. मसुदा माझ्याच ऑफिसचा होता. मी वरच्या नावावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"आमचे हे. दोन वर्षं झाली जाऊन. बँकेत दाखला दिलाय ना मी."

मेलेल्या माणसाला नोटीस! घोडचूक आमची. तिने कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला असता, तर कारवाई बहुधा तिथेच अडकली असती आणि घर वाचलं असतं. त्यासाठीच्या पंचेचाळीस दिवसांतले सहा उरले होते. मी बँकेची वकील, तिला सल्ला देणं मला चालत नाही. कबूल. पण मी त्याच बँकेची वकील आहे, एवढं सांगायला कुठला कायदा आड येत होता? मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," मी म्हटलं. "दुसरा वकील बघा. लवकर."

"घाई आहे का, मॅडम? पोरीची बारावीची परीक्षा चालू आहे. पंधरा दिवसांत संपेल."

"लवकर बघा," मी पुन्हा म्हटलं. दिवस सांगितले नाहीत.

यथावकाश ताब्याचा आदेश निघाला. अशा वेळी मी सहसा जात नाही, पण बँकेचा अधिकारी नवखा होता, म्हणून गेले. दुसऱ्या मजल्यावर हमाल गाद्या आणि पिठाचे डबे बाहेर काढत होते. ती दारात आडवी उभी होती आणि एक महिला पोलीस तिला दंडाला धरून बाजूला ओढत होती. मी जिना चढून वर आले. मला पाहताच तिचा चेहरा एकदम उजळला.

"ए, हात लावू नका रे कशाला!" ती हमालांवर ओरडली. "माझ्या वकीलबाई आल्या!"