फुलावर आलेला हरभरा

मागच्या रविवारी आम्ही आठ जण अभनपूरच्या पुढच्या एका गावात गेलो होतो, होरा खायला. होरा म्हणजे हिरवा हरभरा झाडासकट शेतातच भाजायचा आणि हात काळे करत खायचा. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच... लाइक पण केले.

त्या फोटोंबद्दलच लिहून राहिले आहे. लिहायला आठवडा लागला.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये झाली. सुखबती दीदी आमच्या चौबे कॉलोनीच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायची. सगळं स्वतःच्या शेतातलं... लाल भाजी, मुळा, सेमीच्या म्हणजे वालाच्या शेंगा आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे. एकदा ती हरभऱ्याची भाजी घरी नेली, आईने लसणाची फोडणी दिली आणि माझ्या डोक्यात आयडिया आली.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कॉलोनीतले आणि शंकर नगरचे मिळून बरेच लोक जमले. शनिवारी ऑर्डर, रविवारी दीदीची भाजी. मॉलची नको, कोल्ड स्टोरेजची नको, थंडीभर आपल्या बाजूच्या शेतातलंच खायचं. मी खरंच खूप खूश होते.

सगळ्यात हिट झाली हरभऱ्याची भाजी. मग मी एक मस्त पोस्टर बनवलं, 'पूर्ण थंडी, दर रविवारी, हरभऱ्याची भाजी पक्की!' दीदीला विचारलं नाही, फक्त सांगितलं. ती म्हणाली, "हव नोनी." हव म्हणजे हो, आणि नोनी म्हणजे पोरगी. मला ती पहिल्या दिवसापासून नोनीच म्हणते.

जानेवारीत एका रविवारी टोपली उतरवता उतरवता ती म्हणाली, "नोनी, चना मा फूल आ गे हे."

मी म्हटलं, "अरे वा दीदी! फोटो भेजना ना!"

तिने नवऱ्याच्या मोबाइलवरून खरंच पाठवला. इवली इवली गुलाबी-जांभळी फुलं. मी तीन हार्ट लावून ग्रुपवर टाकला.

पुढच्या रविवारी ती परत तेच म्हणाली, फूल आलं आहे, भाजी पण आता निबर झाली आहे. मी म्हटलं, "चलेगा दीदी, लोग माँग रहे हैं. एक हफ्ता मिस हुआ तो ग्रुप टूट जाएगा." तिने टोपलीतली भाजी सारखी केली... मग म्हणाली, "हव."

माझी आई भंडाऱ्याकडची. त्या दिवशी भाजी निवडताना तिला एक फूल सापडलं. "काहून वं, फुलावर आलेला हरभरा खुडून राहिले का ते लोक?"

"हो ना, फोटो दाखवू?"

"फोटो काय दाखवतं! शेंडे खुडाचे ते फुलाच्या आधी. आता खुडले तर घाटे कुठून लागतीन, पोट्टे?"

मी म्हटलं, "आई, ती शेतकरी आहे. तिला कळत नसेल का?" हे माझं वाक्य आता रोज आठवते.

तर मागचा रविवार. दीदीचं शेत दुरून हिरवंगार दिसत होतं. जवळ गेले तर नुसता पाला... एका झाडावर दोन घाटे, दुसऱ्यावर तेही नाही. पण अंगणात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या तयार होत्या, सुतळीने बांधलेल्या. दीदीने पेंढा पेटवला, सगळे धावले.

आमच्यातल्या कोणीतरी विचारलं, "दीदी, खेत में तो चना दिखा ही नहीं?"

"ए बछर बादर रिहिस न," दीदी म्हणाली. "फूल झर गे." यंदा ढगाळ होतं, फुलं गळली. लगेच क्लायमेट चेंजवर चर्चा सुरू, फोटोंच्या कॅप्शनमध्ये पण ढगच गेले.

खाटेवर तिची सासू बसली होती. ती म्हातारी खो-खो हसली. "बादर! फूल ला तो शहर वाले मन खा डारिन!"

ढग कुठले, फुलं तर शहरवाल्यांनीच खाऊन टाकली! जोक समजून सगळे हसले. मी हातातला भाजलेला घाटा खाली ठेवला.

दीदी हँडपंपावर हात धुवायला गेली, मी मागे गेले. विचारलं, दीदी, ये मेरे कारण हुआ ना? ती हात धूत राहिली. मी परत म्हटलं, "आपने बताया क्यों नहीं?"

"बताए तो रेहेंव, नोनी."

खरंच सांगितलं होतं. दोनदा. आणि फोटो पण पाठवला होता.

"तैं सब झन ला जबान दे डारे रेहे," ती म्हणाली. "तोर बात ला कइसे काटतेंव?" मी सगळ्यांना शब्द दिला होता, तो ती कसा मोडणार?

शेताच्या त्या तुकड्यातून त्यांच्या घरची वर्षाची डाळ निघते, बेसन निघते, पुढच्या पेरणीचं बी निघते. यंदा सगळं विकत. आणि त्या जुड्या? आदल्या दिवशीच्या आठवडी बाजारातल्या. पाहुणे होरा खायला येणार आणि घरात हरभरा नाही, असं कसं चालेल... म्हणून तिने आमच्यासाठी विकत आणल्या. लोकल खाणारे आम्ही आठ जण.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी म्हटलं का तिले?"

"हो."

"मंग ते काय म्हणे?"

"हव."

पोस्टर मी ग्रुपवरून काढून टाकलं आहे. आता शनिवारी काय खुडायचं ते दीदी सांगते, आणि तिने नाही म्हटलं तर ग्रुपवर नाही. पण यंदाचा हरभरा गेला तो गेला.

आठ जणांसमोर तिने माझं नाव घेतलं नाही, ढगांचं घेतलं. तुम्ही पण त्या फोटोंखाली ढगांनाच शिव्या घातल्या आहेत... प्लीज, त्या कमेंट्स काढून टाका. यंदा तिच्या शेतावर ढग आलेच नव्हते.