बाराच्या ठोक्याला ‘जेवून घे’

माझ्यापेक्षा माझा मोबाइल आईची जास्त काळजी घेतो, हे आमच्या अख्ख्या केशोरी गावाला ठाऊक आहे.

बाबा असताना ते ‘चाल, जेवून घे’ म्हणाल्याशिवाय आई ताटावर बसायची नाही. ते गेले आणि म्हणणारं कोणी उरलं नाही. ती वाळत चालली. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी मला बजावलं, “रोज जेवायच्या वेळी मेसेज पाठवा. मनापासून!”

मी गोंदियात, फुलचूरला राहतो. दोन दिवस मनापासून पाठवले. तिसऱ्या दिवशी विसरलो. मग एका ॲपमध्ये सात वारांचे सात मेसेज भरून टाकले. दर आठवड्याला तेच फिरून येणार! (त्या दिवशी मला फार हुशार वाटलं होतं.)

धान घरात आल्यावर एका रविवारी न कळवता केशोरीला गेलो. आईने मला वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. मी भातावर तुटून पडलो. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून शेजारच्या शेवंताकाकू रोज येऊन वाचतात (चार घरांना ऐकू जाईल असं!).

“आई, जेवून घे. धानाची रोवणी आटोपली का? यायला जमत नाही, पण जीव तुझ्यातच आहे.”

आई शहाण्या मुलीसारखी उठली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “अवं बाई! पोट्टा तं इथं बसून भात खाऊन राहिला. मंग हे कोन पाठवून राहिलं? अना रोवणी कायची? धान चुरून झाला ना!”

“नेटवर्क!” मी घास गिळत म्हणालो. “केशोरीत मेसेज उशिरा पोचतो.”

“चार महिने उशिरा?”

आई शांतपणे म्हणाली, “राहू दे, बाबू. रोज बाराच्या ठोक्याले येते. तू शाळेत तरी कधी टायमावर गेलास? मले पयल्याच आठवड्यात समजलं.”

“मंग बोलली काऊन नाही?” मी विचारलं.

“बोलली असती तं तू बंद केलं असतं. कोनी तं ‘जेव’ म्हणून राहिलं होतं ना!”

समोर बसून मी मात्र तेवढंही म्हणालो नव्हतो. तिथल्या तिथे ॲप काढून टाकलं आणि शपथ घेतली, रोज स्वतःच्या हाताने लिहीन!

आता लिहितो. मनापासून लिहितो. कधी दीडला, कधी अडीचला.

परवा आईचा फोन आला. “बाबू, तुह्यी ती मशीन परत लाव. तुह्या प्रेमापायी मी उपाशी मरून राहिली!”