पाचला गेट उघडा

पहाटेचे पाच. नगरपालिकेच्या मैदानाचं पत्र्याचं मोठं गेट. गेटला कुलूप. समोरच्या हायवेवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात पळतायत.

आम्हा वार्ताहरांच्या वह्यांत बातमी न झालेले किस्से साचत जातात. संपादक विचारतात, "यात बातमी काय?" एकेकटा किस्सा घेतला तर खरंच नसते. नव्वदच्या दशकात आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेनं युवक सल्लागार समिती काढली होती. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर बाकीच्या नगरपालिका सुटल्या असं वाटेल. त्या समितीचे किस्से मीही बरीच वर्षं चहाच्या टपरीवर हसत सांगितले. शेवटचा सोडून.

*

पहिली बैठक. सात तरुण सभासद, हार, नारळ, फोटो. नगराध्यक्ष 'तरुणांचं ऐका' या विषयावर दीड तास बोलले. मग मुख्याधिकारी म्हणाले, "आता बिनधास्त सल्ला द्या. पाच मिनिटं आहेत."

भानुदास उठला. सोनईचा पोरगा, भरतीसाठी मामाकडे येऊन राहिलेला. वयात बसेल अशी एकच भरती त्याला उरली होती.

"सायेब, आमी हायवेवर पळतो. आता उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हतील, त्या लई जवळून जात्यात. मैदानाचं गेट पाचला उघडा. येवढंच."

"उत्तम सूचना," साहेब म्हणाले. "लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'तरुणाईचा आवाज सभागृहात'. तो मीच दिला होता.

*

समितीची चिटणीस एस्तर साळवे. प्राथमिक शिक्षकाची मुलगी, बी.ए.ला होती. तिनं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून हेडक्लार्क भाऊसाहेबांपुढे ठेवला.

"ताई, अर्ज समितीचा. मग समितीचा गोल शिक्का कुठंय?"

एस्तर एस.टी.नं नगरला गेली, रबरी शिक्का करून घेऊन आली आणि अर्जावर मारला. भाऊसाहेबांनी तो शिक्का उलटसुलट करून पाहिला.

"नगरपालिकेच्या समितीचा शिक्का खासगीत केला? कुणाच्या परवानगीनं?"

शिक्का जप्त झाला, त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. अर्ज मात्र त्यांनी दाखल करून घेतला, कारण त्यावर शिक्का होता.

*

मग विचारणा झाली, मागणी नेमकी किती जणांची आहे? सह्या आणा.

एस्तर तीन दिवस पहाटे वडिलांची बॅटरी घेऊन हायवेच्या कडेला उभी राहिली. एका दिवशी मीही होतो. एक पोरगा तिच्याजवळ येऊन जागच्या जागी पळत राहिला.

"ताई, पळता पळता सही करू का? थांबलो तर टायमिंग जातं."

सह्या दिल्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते माझ्या वहीत जसंच्या तसं आहे: 'सदर युवक सध्या हायवेवर धावत असल्याने त्यांना पर्यायी जागा उपलब्ध असल्याचे दिसून येते.'

*

किल्ली कुणाकडे, हा वेगळाच शोध. वॉचमन पवारमामा म्हणाले, "माज्याकडं कुलूप हाय. किल्ली हापिसात."

ऑफिसात किल्ल्यांचा बोर्ड होता. मैदानाच्या नावाखालचा खिळा रिकामा.

"हरवली का?" एस्तरनं विचारलं.

"हरवल्याची नोंद नाही," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे आहे."

"कुठं?"

"आहे म्हटलं ना, ताई."

बरोबर आलेला भानुदास वैतागला. "जाऊ द्या. आमी भिंतीवरनं उडी मारून आत जातो."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "जरूर मार. मग आम्ही केस करू. मग पोलीस भरतीला चारित्र्याचा दाखला कोण देतो, ते बघू."

सात फुटांची भिंत त्या पोराला काहीच नव्हती. पण त्यानं उडी मारली नाही. कुणीच मारली नाही.

काही दिवसांनी साखर फॅक्टरीचा भोंगा वाजला. उसाचं गळीत सुरू झालं. भानुदास एस्तरला म्हणाला, "ताई, आता मागं बघत पळावं लागतंय. टायमिंग बिघडलं."

*

आता तो किस्सा.

गळिताचा दुसरा आठवडा. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. मैदानाच्या गेटसमोर हायवेवर मागून ट्रॅक्टर आला, त्याला दोन ट्रॉल्या. भानुदास पहिलीपासून वाचला. दुसरीनं त्याला घेतलं. जीव राहिला, उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली. दवाखान्यात त्यानं एस्तरला एवढंच विचारलं, "भरतीला किती महिने हायेत?"

दुपारी एस्तर आणि मी नगरपालिकेत गेलो. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. समितीच्या नावाचं, महिन्यापूर्वीची तारीख घातलेलं पत्र: 'मैदानाचे गेट दररोज पहाटे पाच वाजता उघडण्यात येत असल्याबद्दल समिती आभारी आहे.' खाली सही नव्हती. गोल शिक्का होता.

"मैदान उघडं होतं," साहेब म्हणाले. "पोरं हौसेनं हायवेवर पळतात. हे लिहा तुम्ही."

एस्तर मागे वळली. "भाऊसाहेब, शिक्का तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे ना?"

भाऊसाहेबांनी आमच्यासाठी चहा मागवला.

आम्ही चहा न पिता मैदानावर गेलो. गेट तातडीनं उघडायचा निरोप पवारमामांना आमच्याआधी पोचला होता. ते करवतीनं कुलूप कापत होते. एक ब्लेड तुटून खाली पडलं होतं, दुसरं चालू होतं.

"मामा, हे रोज पाचला उघडतं ना?" मी विचारलं.

"सायेब, जरा बाजूला व्हा. गंज उडतोय, डोळ्यात जाईल."

कुलूप पडलं. मामांनी गेट ढकललं, ते हललं नाही. मी खांदा लावला, एस्तरनंही लावला. शेवटी मामा भिंतीवर चढले, आत उतरले आणि तिथूनच कुऱ्हाड मागितली.

गेटच्या आतल्या बाजूला, पत्र्याला टेकून, माझ्या खांद्याएवढी बाभळ उगवली होती.