ऐनाखालचे घोडे

शेख मॅडम पहिल्यांदा ग्रंथालयात आल्या आणि माझ्या टेबलावरचा शिक्का उजवीकडून उचलून त्यांनी डावीकडे ठेवला. मी तो ताबडतोब जागेवर ठेवला. त्या हसल्या. "पायलं? शिक्का बोलला. जागा हालवल्याशिवाय कोनतीच वस्तू बोलत नाई, सुधाकरभाऊ."

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवत. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. पीएच.डी.चा विषय धर्मातली चिन्हं: देवापुढची कोणती वस्तू कुठं ठेवतात आणि तिथंच का. 'याचा अर्थ काय' असं त्या कुणालाच विचारत नसत. विचारत, "हे इथून काढलं तं काय होईन?" आणि मला बजावत, "हालवाचं ते आपल्या घरात. दुसऱ्याच्या देवापाशी फक्त तोंडानं विचाराचं."

मला याद्या चांगल्या जमतात, म्हणून सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्यासोबत जायचो. जिवतीकडच्या एका गोंड गावात ऐनाच्या झाडाखाली नवसाचे मातीचे घोडे होते. काही उभे, काही आडवे, कित्येक फुटलेले. तीन वर्षं गावातले मारूबाबा एकेका घोड्याची हकीकत सांगत होते: कोणाचा, कशासाठी, तोंड कुठल्या घराकडे. मॅडमचा सगळा प्रबंध त्या तोंडांवर उभा होता.

मग विभागप्रमुख सरांना फोटो हवा झाला, म्हणून तेही आमच्यासोबत गावात आले. मॅडम मारूबाबांच्या घरी बसल्या होत्या. सर म्हणाले, "हा काय उकिरडा? नीट लावून घ्या." आणि मी लावले. उंचीप्रमाणे, एका रांगेत, फुटके बाजूला. खडूनं नंबरही टाकले. 'नीट' या शब्दाची मला आजही चीड येते.

मारूबाबा आले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. "देवाचे घोडे शाळेत घातले काय गा?" मग मॅडमकडे वळले. "बाई, तुमी सांगतलं काय यायले?"

'नाही' म्हणून मॅडम सुटू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मानसं माह्यासंगच आली, बाबा."

त्यानंतर त्या गावात आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडम एवढंच बोलल्या, "काऊन केलं, भाऊ? तुमच्या शिक्क्याले मी हात लावला तं तुमचा हात कसा धावला होता!"

सरांनी तोच फोटो प्रबंधात घालायला सांगितला. मॅडमनी साफ नकार दिला. मार्गदर्शकही सरच, सही मिळाली नाही. पदवी राहिली ती राहिलीच. काही वर्षांनी काविळीनं मॅडम गेल्या. शोकसभेत सर त्यांच्या चिकाटीवर बोलले. मी उठून बाहेर गेलो, नाहीतर खुर्ची फेकली असती.

फोटो अजून कॉलेजच्या व्हरांड्यात आहे. खाली छापलंय: 'आदिवासींची पारंपरिक मांडणी'. काढा म्हणून चार अर्ज दिले, पोचपावत्या फाईलला लावून ठेवल्या आहेत. उत्तर नाही.

म्हणून मी फ्रेमखाली भिंतीवर लिहितो: 'ही मांडणी माझी आहे.' पुढे पूर्ण नाव. ते पुसतात. मी पुन्हा लिहितो.