नावाड्याच्या चेहऱ्याचा कंडक्टर

"पाया पडू नोका, तिकीट काढा."

हिंगणीच्या गाडीत हे वाक्य तो रोज म्हणायचा. त्या वर्षांत तुम्ही वर्ध्याहून हिंगणीला एसटीने गेला असाल, तर तुम्हीही ते ऐकलं असेल, आणि त्याआधी त्याच्या पाया पडायचा प्रयत्नही करून पाहिला असेल. मी त्या गाडीचा ड्रायव्हर होतो. माझ्या पाया कधी कुणी पडलं नाही. मी कुणासारखाच दिसत नाही.

तो दिसायचा, हीच सगळी भानगड होती. सत्तरच्या दशकात कधीतरी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये एक जुना काळा-पांढरा सिनेमा लागला. नाव सांगत नाही, तुमच्याही गावात तो येऊन गेला असणार. एक गरीब नावाडी असतो, देवाचा भक्त. कुणाची जात विचारत नाही, कुणाकडून नदी पार करायचे पैसे घेत नाही. गावचे बडे लोक त्याला मारतात, त्याची नाव फोडतात. शेवटी तो देवाचं नाव घेत चालत नदीत शिरतो आणि देव स्वतः नाव वल्हवत येऊन त्याला घेऊन जातो. एवढीच गोष्ट.

लोक टॉकीजच्या बाहेर चपला काढून आत जायचे. बायका आरतीचं ताट घेऊन यायच्या. पडद्यावर देव आला की फुलं, चिल्लर, कधी आख्खा नारळ पडद्याच्या दिशेने जायचा. खेळ सुटल्यावर निम्मा वर्धा दुसऱ्याच्या चपला घालून घरी जायचा आणि त्याबद्दल कुणी भांडायचं नाही. धर्माच्या कामात एवढं चालतं.

त्या नावाड्याचं काम करणारा नट आमच्या कंडक्टरसारखा दिसायचा. तेच रुंद कपाळ, तेच लांब नाक, आणि डोळे असे की आत्ता पाणी येईल. कंडक्टरच्या डोळ्यांत पाणी यायचं ते धुळीने. आमच्या गाडीच्या मागच्या काचा कधीच्याच गेल्या होत्या. पण लोकांना त्यात करुणा दिसायची. लोक म्हणायचे, कंडक्टर त्या संतासारखा दिसतो. मी कंडक्टरला सिनेमाच्या आधीपासून ओळखत होतो, त्यामुळे मला तो संतच कंडक्टरसारखा वाटायचा.

खरी पंचाईत तिकिटाची होती. सिनेमातला नावाडी कुणाकडून काही घेत नाही, आणि हा तोच चेहरा घेऊन पंच वाजवत फिरायचा. एकदा सेलूला एक म्हातारा चढला, हात जोडून बसला आणि तिकीट काढेना.

"सिनेमात तं साऱ्यायले फुकट नेलं तुमी," तो म्हणाला.

"थे नाव होती, बाबाजी. हे सरकारची गाडी आहे."

"मंग नाव काऊन सोडली तुमी?"

मी आरशात पाहत होतो. त्याने म्हाताऱ्याचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलं आणि दिवसभर माझ्यावर चिडून राहिला, कारण मी हसलो होतो.

दुसरी पंचाईत मटणाची. रविवारी मटण नसलं तर त्याचा सोमवार वाईट जायचा. पण बाजारातल्या खाटकानेच एक दिवस सुरी खाली ठेवली. "महाराज, तुमाले नाई देत मी. मले पाप लागन." हा म्हणाला, "अरे, तू रोज कापतं थे?" खाटीक म्हणाला, "थो धंदा आहे." तेव्हापासून मटण आणायला बायको जायची. वहिनी तशा खमक्या. घरामागे वांगी-मिरचीचे वाफे होते, त्याची भाजी बाजारात स्वतः विकायच्या, आणि नवऱ्याशी बोलताना आवाज बाजारातलाच ठेवायच्या. त्याला ते फार आवडायचं. "दिवसभर सारे हात जोडून राह्यतेत भाऊ," तो मला म्हणायचा, "घरी गेलो का बायको खेकसते. मंग मले समजते का मी आलो."

म्हणून वहिनींनी तो सिनेमा पाहू नये, एवढं एकच त्याने लग्नानंतर त्यांना निक्षून सांगितलं होतं. शेजारच्या बायकांबरोबर त्या एकदा निघाल्याही होत्या. हा दारात आडवा झाला. "साऱ्या जिल्ह्यानं पाह्यला तं पाहू दे. तू नोको पाहू. एका घरात तरी मले माणूस राहू दे." वहिनी म्हणाल्या, "मोठे आले देव. मले कामं आहेत." आणि परत फिरल्या. पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही.

सिनेमा मात्र येतच राहिला. कापूस निघाला की यायचाच. रंगीत आले, मारामारीचे आले, चार दिवस चालून गेले. हा आपला रेघारेघांचा सिनेमा घेऊन टॉकीजवाला निवांत बसायचा. लोकांना गोष्ट तोंडपाठ होती. मला वाटतं, आपल्याला तिकीट न विचारता पार नेणारा कुणीतरी आहे, एवढंच ते पुन्हा एकदा बघून यायचे. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीत चढायचे.

एका पावसाळ्यात हिंगणीहून निघताना एक बाई धावत आली. कडेवर तीन-चार वर्षांचं पोर, मान टाकलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. बाई गाडीत चढेना. खालूनच म्हणाली, "महाराज, डोक्शावर हात ठेवा."

"बाई, गाडीत बस. दवाखान्यात चाल."

"दवाखाना कायले? तुमी हात ठेवा."

"मी कंडक्टर आहो व माय!"

"सिनेमातबी तुमी असंच म्हणता," बाई म्हणाली. हे खरं होतं. सिनेमात नावाडी शेवटपर्यंत म्हणतो की मी साधा नावाडी आहे.

पोराने डोळे फिरवले. गाडीतले लोक ओरडू लागले, "ठेवा न हात, महाराज, काय जाते तुमचं!" तो दारात उभा. हात ठेवला तर बाई समाधानाने घरी जाणार, आणि पोर संध्याकाळपर्यंत राहणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही दिसत होतं. मग त्याने पंच खिशात टाकला, डोळे अर्धे मिटले, आणि मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात, अगदी पडद्यावरच्या पुस्तकी मराठीत, तो म्हणाला, "माते, लेकरू घेऊन माझ्या नावेत बस."

बाई मुकाट्याने चढली. त्याने डबल बेल दिली आणि मी गाडी हाकली. मधले थांबे आम्ही घेतले नाहीत. उतरायचं होतं त्यांनीही तोंड उघडलं नाही. संताच्या नावेत मध्येच कोण उतरेल? वर्ध्याचा स्टँड मागे टाकून गाडी सरळ दवाखान्याच्या फाटकात उभी केली. तो पोराला उचलून आत पळाला.

परत आला तेव्हा पायरीवर बसला.

"खोटं बोललो भाऊ मी."

"बरं केलं तू," मी म्हणालो. "पोरगं वाचन."

"वाचन. मंग मी मेलो."

झालंही तसंच. पोरगं वाचलं. डॉक्टरांनी रात्रीचा दिवस केला होता, पण त्या बाईने आपल्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की नावाड्याने वाचवलं. आता लोक पोरं घेऊन थांब्यावर उभे राहू लागले. तो एकेकाला दवाखान्यात पाठवायचा, आणि पाठवता यावं म्हणून दर वेळी त्याला तोच आवाज काढावा लागायचा. आवाज काढला की दिवसभर तो गप्प असायचा. एकदा मला म्हणाला, "आता मले माहा आवाज आठवाले वेळ लागते." या वेळी मी हसलो नाही.

शेवटी त्याने हिंगणघाटकडे बदली मागून घेतली. वडनेरच्या गाडीवर पहिल्याच दिवशी एक म्हातारी त्याच्या पायावर पडली. सिनेमा तिकडे आदल्या महिन्यातच येऊन गेला होता. पुढच्याच वर्षी तो परत माझ्या गाडीवर आला. म्हणाला, "इथले लोक तरी वळखीचे आहेत."

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल, एका सकाळी तो ड्यूटीवर आला नाही. झोपेतच गेला होता. माणसं इतकी लोटली की सेलूचा रस्ता भरून गेला. लोकांनी सिनेमातली भजनं म्हटली. कुणीतरी समाधी बांधायची गोष्ट काढली. वहिनी उंबऱ्यात बसून होत्या. "त्यायले भजन येत नोतं," एवढंच त्या म्हणाल्या. समाधी बांधायची राहून गेली.

त्यानंतरच्या हंगामात सिनेमा पुन्हा लागला. वहिनी भाजीची टोपली घेऊन स्टँडवर आल्या, माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मले थो सिनेमा दाखवा."

"वहिनी, त्याले आवडलं नसतं."

"त्यायचं मी पाहून घेईन. घरी एक फोटो आहे, थ्यात ते हालत नाईत."

दुपारच्या खेळाला गेलो. चपला काढल्या. नावाडी पडद्यावर आला आणि सगळ्या टॉकीजने हात जोडले. वहिनींनी जोडले नाहीत. त्या पदर सावरून पुढे सरकून बसल्या. तो नाव वल्हवत होता, बोलत होता, हसत होता. तो भाकर खायला बसला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पाहा, असंच मान खाली घालून जेवत." बडे लोक त्याला मारायला लागले, सगळीकडे हुंदके, आणि वहिनी बाजारातल्या आवाजात ओरडल्या, "अवो, सरका न बाजूले! उभे काय राह्यले?" पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. मी त्याला हात जोडले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिथे धूळ नव्हती.

मग शेवटचा प्रसंग आला. नावाडी किनाऱ्यावर उभा राहिला, देवाचं नाव घेतलं आणि पाण्यात पाय टाकला. बायकांनी आरत्या पेटवल्या. वहिनी उठल्या.

"चाला भाऊजी."

"वहिनी, सिनेमा बाकी आहे. आता देव येईन."

"येऊ द्या. ह्यायले जातानी एकदा पाह्यलं मी. पुन्हा नाई पाहात."

बाहेर येऊन त्यांनी ढिगातून आपल्या चपला शोधल्या. आत जयजयकार झाला. वहिनींनी टोपली उचलली आणि उद्याचा खेळ किती वाजता असतो ते विचारलं.

सिनेमा होता तोवर त्या रोज येत राहिल्या. आणि रोज, तो गुडघाभर पाण्यात असतानाच, उठून घरी गेल्या.