सँडीदादाला मी दिलेले दोन मार्क

हे मी कुणालाच सांगणार नव्हते. पण आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना ते कळलंय आणि उरलेल्या निम्म्यांना चुकीचं कळलंय, तेव्हा आता माझ्याच तोंडून ऐका. बसा, चहा घ्या. फक्त मध्येच हसू नका. हसलात की मी गप्प होते, आणि एकदा गप्प झाले की आठवडाभर बोलत नाही. घरी विचारा हवं तर.

मी किती कमी बोलते? वर्गात हजेरीला मी ‘हजर’ इतकं हळू म्हणते की आठवीत माझे सहा दिवस गैरहजेरीत गेले. बसायला मी पहिल्या बाकावर. अशी मुलगी एखाद्याचं नुकसान करून करून किती करणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

सगळी सुरुवात टीव्हीपासून झाली. आम्ही कसब्यात राहतो. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे गोल्फ कुठून येणार? तो केबलवरून आला. मी सहावीत असताना एका चॅनेलवर गोल्फची स्पर्धा लागायची. देशभरातून निवडलेले बारा खेळाडू एका बंगल्यात राहणार, दर रविवारी त्यातला एक घरी जाणार, आणि शेवटी उरेल तो जगातल्या मोठमोठ्या व्यावसायिक स्पर्धा गाजवणार. बाबांनी आणि मी एकही भाग चुकवला नाही. आई भाजी निवडता निवडता बघायची आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "पण हे खेळतात कधी?"

प्रश्न बरोबर होता. तासाभरात चेंडू दिसायचा जेमतेम पाच मिनिटं. तो हिरवळीवरून घरंगळत खड्ड्यात पडायचा, धडाधड संगीत वाजायचं आणि खेळाडू रडायला लागायचा. आनंदानं की दुःखानं, ते जाहिरातींनंतर सांगायचे, आणि जाहिरातींमध्ये आई बातम्या लावायची. मग तीन परीक्षक दहापैकी मार्क द्यायचे आणि आपण मोबाइलवरून मतं पाठवायची. ज्याचा आकडा मोठा तो राहिला, ज्याचा लहान तो गेला. चेंडू खड्ड्यात पडला की डाव संपला, म्हणजे क्रिकेटमध्ये दांडी उडते तसं. एवढं गोल्फ मला अगदी पक्कं समजलं होतं.

त्या बारांमध्ये सँडी होता. खरं नाव संतोष, आपल्या पुण्याचाच. लहानपणी गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकलेला. चॅनेलनं त्याचा सँडी केला आणि दर भागात त्याच्या आईला चुलीसमोर बसवून फुंकणी फुंकायला लावली. (त्यांच्याकडे गॅस होता. हे त्यानंच मला पुढे सांगितलं.) सँडी चौथा आला. तो बंगल्यातून बॅग घेऊन निघाला त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढे त्या बाराजणांचं काय झालं? माझ्या वहीत सगळी नोंद आहे. जो जिंकला तो टॉवेलच्या जाहिरातीत दिसतो आणि साड्यांच्या दुकानांची उद्घाटनं करतो. दुसरा आलेला एका मालिकेत डॉक्टर झाला, हात न धुता ऑपरेशन करतो. एकजण वाघोलीला फ्लॅट विकतो. दोघांनी एकमेकांशी लग्न केलं, तेही त्याच चॅनेलवर, जाहिरातींसकट. गोल्फच्या कार्यक्रमातून बाहेर पडून गोल्फ खेळत राहिलेला सापडला एकटा सँडी. त्याला मात्र कुणी विचारत नव्हतं. व्यावसायिक स्पर्धांना गावोगाव फिरायला पाठीशी कुणीतरी लागतं. त्याच्या पाठीशी स्वतःचीच पिशवी होती.

आता बाबा. बाबा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत बसगाड्या, एसी आणि कँटीन सांभाळतात. आधी तिथे कारखाना होता, तेव्हाही ते तिथेच होते. कारखाना गेला, काचेची इमारत आली. फरक एवढाच की आता बाबांच्या गळ्यात पट्टा असतो. त्यांच्या मोठ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं की अमेरिकेतली कामं गोल्फच्या मैदानावर मिळतात. झालं, साहेब गोल्फ शिकले. साहेब शिकले म्हणून मॅनेजर शिकले. ज्यांना जन्मात विटीदांडू जमला नव्हता ते कँटीनमध्ये चमच्यानं मटाराचे दाणे ढकलायला लागले.

गेल्या वर्षी कंपनीनं एका रविवारी गोल्फचा सोहळा ठरवला आणि पाहुणा खेळाडू म्हणून बोलावलं कुणाला? सँडीला. तो साहेबांच्या जोडीनं खेळणार. प्रत्येक जोडीबरोबर आकडे लिहायला कर्मचाऱ्यांच्या घरचं कुणीतरी हवं होतं. बाबा भर मीटिंगमध्ये म्हणाले, आमच्या मुलीला गोल्फमधलं सगळं कळतं.

बसमधून जाताना बाबांनी मला महत्त्वाची गोष्ट सांगितली. साहेबांनी सँडीला शब्द दिलाय. आज बहात्तर आले की त्याच्या वर्षभराच्या सगळ्या स्पर्धांचा भार कंपनी उचलणार. आणि नाही आले तर? बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले की मग तो हे वर्ष बघून खेळ सोडणार म्हणतोय. वाघोलीच्या त्या फ्लॅटवाल्यानं त्याला नोकरी देऊ केलीय.

म्हणजे माझ्या हातातल्या पेन्सिलीवर केवढी जबाबदारी, बघा.

मैदानावर गेलो. पॅडवर दोघांची दोन कार्डं, कार्डांखाली माझी सह्यांची वही, आणि माझ्या पुढे चालणारा साक्षात सँडी. मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. तो ‘काय गं, कितवीत’ म्हणाला, तर मी नऊ बोटं दाखवली.

खेळ सुरू झाला आणि माझं काळीज तुटायला लागलं. सँडीदादा चार-चार फटक्यांत आउट! कधी तर तीनच. चेंडू सरळ जाऊन खड्ड्यात. पिशवी उचलणारे काका त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मला वाटलं, बिचारे सांत्वन करतायत. उलट साहेब बघावं तर झाडीत जायचे, वाळूत जायचे, एकदा तळ्यात गेले, पण हटायचे नाहीत. नऊ फटके, दहा फटके! आणि प्रत्येक फटक्याला मागून मॅनेजर लोक ‘वेल प्लेड सर’ म्हणायचे. मी ठरवलं, टीव्हीवरचे लोक नुसते टीव्हीवरच चांगले.

तरी साहेबांचा मला राग आला. सँडीदादा चेंडूवर नजर लावून उभा राहिला की नेमका साहेबांचा मोबाइल वाजायचा, आणि ते तो उचलायचे, आणि तिथेच ‘सर्व्हर डाउन कसा झाला’ म्हणून ओरडायचे. असं पाच वेळा झालं. शाळेत बोलणाऱ्या मुलीचे मार्क कापतात. मी साहेबांचे पाच कापले. एका फोनला एक, अगदी न्यायानं.

शेवटच्या खड्ड्यानंतर झाडाखाली बसून बेरीज केली. साहेब अठ्ठ्याण्णव. सँडीदादा एकाहत्तर.

एकाहत्तर! पाहिजेत बहात्तर, आणि एक मार्क कमी!

आता तुम्हीच सांगा, चौतीसवर अडकलेल्या मुलाला पस्तीस करून वर ढकलतात की नाही? मलाही सहामाहीत गणिताच्या बाईंनी तसंच ढकललं होतं. मी कधी कॉपी केलेली नाही, पण ग्रेस म्हणजे कॉपी नव्हे. मी एका चौकटीत चारचे पाच केले. मग वाटलं, काठावर कशाला ठेवायचं? पुन्हा तपासताना एखादा कमी झाला तर? म्हणून आणखी एका चौकटीत चारचे पाच. झाले त्र्याहत्तर. रबरानं स्वच्छ खोडून, सुंदर अक्षरात.

आता कार्डावर खेळाडूची सही लागते. साहेबांनी आपला आकडा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला, आणि कुणी हिसकावून घेईल अशा घाईनं सही केली. सँडीदादासमोर मी काही न बोलता सगळा गठ्ठाच पुढे केला, वर त्याचं कार्ड, खाली वही. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सही?" तो म्हणाला. "तीन वर्षांनी कुणीतरी मागतंय गं."

आणि त्यानं टीव्हीवर करायचा तशी झोकदार सही कार्डावर ठोकली. आकडे बघितलेच नाहीत. मग वहीत दुसरी, तिच्याखाली दोन ओळी. दोन्ही कार्डं एचआरच्या मॅडम घेऊन गेल्या.

मी वही उघडली. लिहिलं होतं, ‘एकाहत्तरच्या दिवशी, माझ्या एकुलत्या एका चाहतीला.’

अरे देवा, मला वाटलं, याचा स्वतःचाच हिशोब चुकला. याला सांगायला हवं, नाहीतर उगाच दुःखी राहील. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन एका अनोळखी माणसाजवळ गेले. तो लिंबू सरबत पीत होता.

"दादा, तुम्ही वहीत कमी लिहिलंय. त्र्याहत्तर झालेत."

"एकाहत्तर."

"आधी होते एकाहत्तर. दोन मी वाढवले," मी कुजबुजले. "कुणाला कळणार नाही."

त्यानं पेला खाली ठेवला.

"वाढवले म्हणजे?"

"बहात्तर पाहिजे होते ना."

त्यानं पेला आणखी लांब सरकवला. मग अगदी शांतपणे विचारलं, "तू गोल्फ कुठे शिकलीस?"

"तुमच्याच कार्यक्रमात."

त्यानं डोळे मिटले. मग मला समोर बसवून, अकरा आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं ते एका वाक्यात सांगितलं. यात फटके कमी मारायचे असतात, जितके कमी तितकं चांगलं, आणि बहात्तरच्या वर गेलं की संपलं. वर सही झालीय. सही झाल्यावर आकडा बदलत नाही. "एकच वाढवला असतास तरी चाललं असतं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माइकवरून मॅडमनी जाहीर केलं की साहेब आयुष्यात पहिल्यांदा शंभरच्या आत. गणपती निघाल्यासारख्या टाळ्या झाल्या. साहेबांनी तिथूनच बायकोला आणि मग अमेरिकेला फोन लावला. टाळ्या ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, सँडी त्र्याहत्तर, थोडक्यात हुकलं. सँडीदादा पिशवीची चेन लावायला लागला.

मी उठले आणि साहेबांच्या टेबलापाशी गेले. पाय कुणाचे होते माहीत नाही. म्हटलं, सँडीदादाचे दोन मी जास्तीचे लिहिलेत. तीनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा ऐकू गेलं नाही.

साहेब प्रेमानं हसले. "बेटा, साइन झालेलं कार्ड म्हणजे फायनल. आपल्या कंपनीत प्रोसेस म्हणजे प्रोसेस."

"मग तुमचंही तसंच राहणार का?"

"माझं काय?"

"तुमचे पाच मी कमी केलेत. फोनचे."

बाबा गळ्यातल्या पट्ट्याला पीळ घालायला लागले. मॅडम टेबलक्लॉथची एक न पडलेली सुरकुती सरळ करायला लागल्या. सँडीदादा कधी मागे येऊन उभा राहिला कळलंच नाही. तो जमिनीकडे बघत, अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, नियम असा आहे. जास्त लिहून सही केली तर तो आकडा चालतो. कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद."

साहेबांनी हातातल्या, नुकत्याच मिळालेल्या बक्षिसाच्या कपाकडे बघितलं. हातातल्या मोबाइलकडे बघितलं. अमेरिकेला सांगून झालं होतं.

"सँडीचे फटके मी स्वतः या डोळ्यांनी बघितलेत," ते म्हणाले. "एकाहत्तर. कार्ड काय, कागद आहे. माणसावर विश्वास ठेवायचा असतो. सँडी, वर्षभराचं आमच्याकडे लागलं."

मग जरा थांबून, कुणी विचारलेलं नसताना, "माझं कार्ड मात्र साइन झालेलं आहे."

तर असं झालं. ते कार्ड आता साहेबांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय. सँडीदादाचं नाव पेपरच्या खेळाच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत येतं. मी यादी खालून वर वाचत जाते, म्हणजे लवकर सापडतं. आतापर्यंत सर्वांत वर आला तो एकोणिसावा. मी आनंदानं ओरडले, तर आई म्हणाली, "चांगलं की वाईट, ते आधी नीट विचारून घे."

यंदाचा सोहळा पुढच्या रविवारी आहे. सँडीदादा येणार आहे, पण त्यानं कंपनीला एकच अट घातलीय. त्याचं कार्ड लिहायला दुसरं कुणीही चालेल.

आणि साहेबांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून, दार लावून सांगितलंय, की आपलं कार्ड तुमच्या मुलीनंच लिहायचं. गणितासाठी माझी निवड आयुष्यात पहिल्यांदाच झालीय. साहेब त्या दिवशी दोन मोबाइल आणणार आहेत म्हणे.