चार बोटांची उंची

दूध संघाची पिकअप मच्छिंद्रच्या नशिबी आली तेव्हाच म्हातारी होती. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी गाडी. सकाळी खोकत सुरू व्हायची, संध्याकाळी कण्हत बंद पडायची. मच्छिंद्रचं काही वेगळं नव्हतं. तिच्यावर आदळून आदळून त्याच्या कमरेचा भुगा झाला होता.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. माकणी गावाच्या पलीकडच्या वस्तीला दोन-चार म्हशींच्या दुधाचाच काय तो आधार उरला होता. वाटेत कोरडा ओढा, आणि ओढ्यात आडवा खडक. त्यानं एका उन्हाळ्यात गाडीच्या पोटाखालचं ऑइलचं चेंबर दोनदा फोडलं. चेअरमन म्हणाले, "आता फुटलं, तर त्या वस्तीचा फेरा बंद." त्यांचं बरं होतं, बोलायला काय लागतं? मच्छिंद्रची थोरली बहीण जाईबाई त्याच वस्तीवर राहायची. नवरा गेल्यापासून घराघरातलं दूध मापून घेणं आणि डबे गाडीत चढवणं, हेच तिचं काम. फेरा बंद म्हणजे तिची चूल बंद.

म्हणून मच्छिंद्र गाडी उंच करून घ्यायला उमरग्याला कल्याणप्पा मिस्त्रीकडं गेला. कल्याणप्पा गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलू लागला.

"दोन रस्ते हायती, मच्छिंद्रभाऊ. स्प्रिंगच्या पाट्यात आजून जाड पाटा भरतो. गाडी उचलंल, पन कडक हुईल. डब्यात दूध भरशीला आन् संघात लोनी उतरवशीला."

"आन् दुसरा?"

"पाटा आन् अॅक्सलच्या मदी लोखंडी गुटका, म्हंजी ठोकळा. चार बोटं वर येतीया. चाल हाय तशीच मऊ. वळनावर जरा डुलंल, सांभाळून हाना."

मच्छिंद्रनं कमरेवर हात ठेवला. कडक गाडी आता त्याच्यानं सोसवणार नव्हती. "गुटकेच टाका, अप्पा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खडकावरून गाडी अशी गेली की खाली साधा आवाजही आला नाही. मच्छिंद्र एकटाच हसला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं होतं. ते सुख वस्तीपर्यंतच टिकलं.

वस्तीवर लोकांनी दगडाचा ओटा बांधला होता, गाडीच्या मागच्या फळीच्या बरोबर उंचीचा. डबा ओट्यावर ठेवूनच भरायचा आणि तसाच गाडीत सरकवायचा, म्हणजे बाईमाणसालाही उचलायला नको. आज गाडी पाठ लावून उभी राहिली आणि फळी ओट्याच्या चार बोटं वर गेली. मच्छिंद्रनं खडक मापला, चेंबर मापलं, ओटा मापायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही!

जाईबाईनं भरलेल्या डब्याला मिठी मारली आणि उचलला. वरून मच्छिंद्रनं ओढला. डबा चढला, पण जाईबाई कमर धरून मटकन खाली बसली. बराच वेळ तिला उठता येईना.

"अक्का, ओटा वाढवूया," मच्छिंद्र म्हणाला.

"चिखल कालवाया पानी कुठलं? प्यायला न्हाय. आन् सुटं दगड रचलं तर डबा कलंडंल." मग श्वास घेऊन म्हणाली, "हुईल सवय. तू जा."

मच्छिंद्र परतला, पण वाटभर त्याला तिचं कण्हणंच ऐकू येत होतं. आठवड्याच्या आत त्यानं उमरग्याला जाऊन गुटके काढून टाकले. कल्याणप्पानं वेड्यात काढलं, ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

तेव्हापासून तो रोज खडकापाशी उतरायचा, दोन्ही बाजूंच्या चाकांखाली येतील असे चपटे दगड रचायचा आणि खडकाला पोट लागू न देता गाडी त्यावरून काढायचा. चाकांखाली दगड निसटायचे, बैलगाड्यांनी विखुरायचे, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा रचणं आलंच. कमर ठणकायची, उशीर व्हायचा.

"गाडी खाली कशी आली रं?" जाईबाईनं विचारलं.

"पाटे बसले, अक्का. म्हातारी झाली गाडी."

तिनं त्याच्या धुळीनं माखलेल्या हातांकडं पाहिलं आणि डबा सरकवला.

दोन दिवसांनी तो ओढ्यात उतरला तर दगड आधीच रचलेले. नीट, चाकाच्या रुंदीचे. वस्तीवर गेला तेव्हा जाईबाई एक हात कमरेवर ठेवून ओट्याला टेकली होती. बोटांची नखं फुटलेली.

"अक्का, ओढ्यात दगड कुनी लावले?"

"मेंढरांनी लावले असतील."

मच्छिंद्रला रागही आला आणि रडूही आलं. ओट्यावर वाचवलेली कमर ही बाई ओढ्यात मोडत होती. "उद्यापासनं थांबत जा," तो म्हणाला. "म्या आलो की दोघं मिळून लावू."

"तवर ऊन वर येतंय," जाईबाई डब्याला हात घालत म्हणाली. "परवा तुला उशीर झाला, दोन डबे नासले. तुला बोल लागंल म्हनून वस्तीला सांगितलं न्हाय म्या."